आडरानातील दौड आणि आठवड्याचे वेळापत्रक

पोलीस शिपाई भरतीची जाहिरात निघाली की, वणीच्या आसपासच्या रस्त्यांवर भल्या पहाटे धावणारी मुले-मुली दिसू लागतात. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण धावण्याला असतात. पुरुष उमेदवारांस १६०० मीटर, तर महिला उमेदवारांस ८०० मीटर अंतर धावावे लागते. हाती महिना-दीड महिना उरलेला असतो. म्हणून रोज आणि जमल्यास दोन्ही वेळा धावण्याचा निश्चय केला जातो. शालेय क्रॉसकंट्री शर्यतींच्या तयारीतही हीच घाई दिसते. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी ठणकू लागते आणि ऐन चाचणीच्या दिवशी उमेदवार लंगडत उभा राहतो. आपली मेहनत कमी पडली, असे त्या बिचाऱ्याला वाटते.

क्रॉसकंट्री म्हणजे आखीव धावपट्टी सोडून माळ, चढ-उतार, गवत व चिखल यांतून होणारी दौड. तिची अंतरे वयानुसार ठरतात. राष्ट्रीय स्पर्धांत सोळा वर्षांखालील मुला-मुलींसाठी २ किलोमीटर, तर अठरा वर्षांखालील मुलींसाठी ४ व मुलांसाठी ६ किलोमीटर अंतर असते. जागतिक स्पर्धेत १९९८ ते २००६ या काळात प्रौढांसाठीही ४ किलोमीटरची छोटी शर्यत होत असे. अंतर लहान असले तरी या शर्यतीस केवळ वेग पुरत नाही. दहा-पंधरा मिनिटे प्रखर श्रम सोसण्याची छातीची ताकद आणि खाचखळग्यांत न मुरगळणारे घोटे, दोन्ही लागतात.

प्रश्न असा की, त्यासाठी आठवड्यातून किती दिवस धावावे? नवशिक्याच्या बाबतीत उत्तर आहे, तीन दिवस. तेही एकाआड एक. याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. व्यायामाने हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात, दम टिकू लागतो. हाडे व स्नायुबंध यांना मात्र बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. धावताना हाडांवर जो ताण पडतो, त्याची दुरुस्ती विश्रांतीच्या काळात होते आणि त्या दुरुस्तीतूनच हाड मजबूत बनते. ती पुरी होण्याआधी पुन्हा ताण दिला तर झीज साचत जाते. दम वाढला म्हणून मुलगा जोर लावतो आणि नडगीचे हाड मागे पडते. दुखापतींचे मूळ बहुधा या तफावतीत असते.

पहिला महिनाभर मंगळवार, गुरुवार व रविवार असे दिवस धरून वीस ते पंचवीस मिनिटे चालणे व सावकाश धावणे आलटून-पालटून करावे. धावता धावता एक पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग योग्य समजावा. सहाव्या आठवड्याच्या सुमारास चौथा दिवस आणि तीन महिने निर्वेध गेल्यास पाचवा दिवस जोडता येतो. त्यातही दमछाक करणारे दिवस दोनच असावेत. एका दिवशी ४०० मीटरच्या पाच-सहा जलद फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर पुरेशी विश्रांती. दुसऱ्या दिवशी चढावर किंवा नांगरटीच्या कडेने दौड. या दोहोंमध्ये किमान अठ्ठेचाळीस तासांचे अंतर हवे. बाकीचे दिवस सावकाश धावण्याचे. ते आळसाचे वाटतात, पण दमाचा पाया त्यांतूनच घातला जातो.

नामवंत धावपटू तर रोज धावतात, असा आक्षेप येतो. तो खरा आहे; मात्र त्यामागे वर्षांची तयारी असते. बीड जिल्ह्यातील मांडवा येथील अविनाश साबळे यांचे उदाहरण बोलके आहे. लहानपणी घर ते शाळा हे सहा किलोमीटरचे अंतर ते पायी तुडवीत. पुढे महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर सियाचीनसारख्या ठिकाणी सेवा करून २०१५ मध्ये ते सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतींकडे वळले. त्यानंतर तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण त्यांनी मिळविले.

वणी परिसरात वेळापत्रक आखताना इथली माती, ऊन व कामधंदा यांचा विचार करावाच लागतो. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे घोटा मुरगळण्यास वेळ लागत नाही. डांबरी रस्ता कठीण, शिवाय उकणी, निलजईसारख्या खाणींच्या भागात कोळशाच्या ट्रकांची वर्दळ व धूळ. तेव्हा गावालगतचा पांदण रस्ता किंवा शाळेचे पटांगण बरे. ग्रामपंचायतीने पांदणीवरील काटे व दगड काढून दिले, तरी मोठे काम होते. कापसाच्या वेचणीत दिवसभर वाकलेल्या किंवा सायकलने दूरवरून शाळेत येणाऱ्या मुलाच्या पायांनी त्या दिवशीचे काम आधीच केलेले असते. तो दिवस सरावाचाच धरावा. त्यावर आणखी जलद फेऱ्या लादू नयेत.

उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. उष्ण हवेस शरीर सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून त्या काळात वेग व अंतर दोन्ही कमी ठेवून सूर्योदयापूर्वी सराव आटोपावा. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार दगावले होते. त्यानंतर चाचणीचे अंतर घटविण्यात आले, पण ऊन तेच आहे. विदर्भात सिकलसेल आजारही आढळतो. त्याचे केवळ वाहक असलेल्यांनाही उन्हात, पाणी न पिता अतिश्रम केल्यास धोका संभवतो. याकरिता सराव सुरू करण्यापूर्वी सरकारी आरोग्य केंद्रात सिकलसेलची, आणि विशेषतः मुलींच्या बाबतीत रक्तातील हिमोग्लोबिनचीही तपासणी शिक्षकांनी करवून घ्यावी. विश्रांती घेऊनही थकवा जात नसेल, तर वेळापत्रकाआधी रक्त तपासलेले बरे.

नडगीवर बोटाने दाबताच एका ठिकाणी तीव्र कळ येत असेल, तर धावणे त्वरित थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सक्तीच्या विश्रांतीने केलेली मेहनत वाया जाईल, ही भीती अनाठायी आहे. आठवडाभर न धावल्याने दम फारसा घटत नाही. लक्षात येण्याजोगी घट साधारण दोन आठवड्यांनंतर सुरू होते. शर्यतीच्या किंवा चाचणीच्या आठवड्यात तर अंतर निम्म्यावर आणावे, एखादी छोटी जलद फेरी ठेवावी आणि आदल्या दिवशी चालण्यापलीकडे काही करू नये.