रोपांना मोकळी हवा हवी

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळपासून जुन्नरकडील नारायणगावापर्यंतचा टापू टोमॅटोच्या लागवडीचा. येथे आता अनेक ठिकाणी गादीवाफ्याऐवजी शेडनेटखाली, नारळाच्या भुशाने भरलेल्या ट्रेमध्ये रोपे तयार करतात. आच्छादनामुळे कोवळ्या रोपांचे कडक उन्हापासून रक्षण होते. परंतु आतील हवा कोंडली, तर पानांवरील व भुशातील ओल सुकत नाही. अशा दमटपणात पिथियम व रायझोक्टोनिया या बुरशा बळावतात, खोड भुशालगत कुजते आणि रोप कोलमडते. ते पुन्हा सावरत नाही. महागडे संकरित बियाणे व लागवडीचा हंगाम दोन्ही वाया जातात. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय होय.

उगवणीसाठी एकावर एक रचून झाकलेले ट्रे, कोंब दिसू लागताच उघडून सुटे मांडावेत. शक्यतो ते जमिनीपासून उंच ठेवावेत, म्हणजे खालूनही हवा खेळते. पाणी सकाळीच द्यावे. सायंकाळपर्यंत पाने कोरडी होतात. भुसा मुठीत दाबला असता पाणी निथळल्यास त्या वेळी पाणी देऊ नये. बाजूचे पडदे ऊन चढताच गुंडाळावेत व थंडीच्या रात्री सोडावेत. शेतकरी बंधूंनी एवढी दक्षता घेतल्यास रोपे काटक निपजतील.