ग्रंथालय संघ आणि ग्रंथपालाचे स्थान

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयात काम करणारा ग्रंथपाल ज्या जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनाला हजर राहतो, त्या संघाचे सभासदत्व बहुधा त्याच्याकडे नसून त्याच्या ग्रंथालयाकडे असते, आणि ग्रंथालयाच्या वतीने तेथे बोलतो तो सामान्यतः संस्थेचा अध्यक्ष किंवा कार्यवाह. ही रचना समजण्यासाठी ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (1893) किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (1898) कसे उभे राहिले हे ध्यानात घ्यावे लागते. ही ग्रंथालये नागरिकांनी स्वतःच्या पुढाकाराने स्थापन केली, त्यामुळे चळवळ संघटित झाली तेव्हा ती प्रथम चालकांची झाली. मद्रासच्या 1948 च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी स्थानिक उपकर बसविला होता. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने मात्र तो मार्ग न धरता अशाच संस्थांना सहायक अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले आणि राज्य, विभाग व जिल्हा या पातळ्यांवरील संघांनाही कायद्यात स्थान दिले.

साहजिकच अनुदानवाढ आणि दर्जावाढ, म्हणजे ग्रंथालय अ, ब, क, ड यांपैकी खालच्या वर्गातून वरच्या वर्गात जाणे, हे संघाच्या ठरावांचे कायमचे विषय ठरले. ग्रंथपालाचा पगार याच अनुदानातून निघत असल्याने रक्कम वाढेपर्यंत त्याचे आणि चालकाचे हित एक असते. वेतनश्रेणी व सेवाशर्तींचा प्रश्न निघाला की मात्र दोघे मालक आणि नोकर म्हणून समोरासमोर येतात, आणि अशा वेळी ग्रंथपालाला वेगळी कर्मचारी संघटना जवळची वाटावी यात नवल नाही. तरीही संघाचे एक ऋण त्याने मान्य करावे असे आहे: अनेक जिल्ह्यांत ग्रंथालय प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र वर्ग या संघांनीच चालविले, आणि दाखलनोंद, वर्गीकरण, तालिकीकरण (ग्रंथाची शोधण्याजोगी नोंद करणे) यांची पहिली शिस्त लहान गावच्या ग्रंथपालाला तेथेच लागली.

व्यक्तीला थेट सभासद करून घेणाऱ्या संघटनांचे जग निराळे आहे. 1933 मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या भारतीय ग्रंथालय संघाचे अध्यक्षपद 1944 ते 1953 या काळात शि. रा. रंगनाथन यांच्याकडे होते. त्यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील ग्रंथही 1931 मध्ये मद्रास ग्रंथालय संघानेच प्रसिद्ध केला होता. येथे चर्चा शास्त्राची होते, परंतु ती प्रामुख्याने इंग्रजीत आणि विद्यापीठीय वर्तुळात होत असल्यामुळे तालुक्याच्या वाचनालयातील ग्रंथपाल वर्गणी भरूनही तेथे पाहुणाच राहतो.

ब्रिटनमध्ये 1877 साली स्थापन झालेल्या ग्रंथालय संघाला 1898 मध्ये राजसनद मिळाली आणि पुढे पात्र ग्रंथपालांची नोंदवही त्याच्याच हाती आली, त्यामुळे सभासदत्व हा तेथे व्यवसायातील पात्रतेचा दाखला झाला. भारतात तो अधिकार कोणत्याही ग्रंथालय संघाकडे आला नाही; नेमणुकीच्या वेळी विचारली जाते ती विद्यापीठाची पदवी किंवा शासनमान्य प्रमाणपत्र, आणि संघाचे सभासदत्व अर्जातील इतर माहितीच्या रकान्यात नोंदविले जाते.