चीक आधी वासराला, औषध तपासणीनंतर



पावसाळा लागला की भंडाऱ्यात जो तो एकच विचारतो, "कारध्याला पाणी किती?" आपल्या गावाजवळ वैनगंगेची पातळी मोजतात आणि २४५.५० मीटर ही धोक्याची खूण. पाणी खुणेच्या वर गेल्यावर सामान हलवायला वेळ उरत नाही, हे २०२० च्या ऑगस्टअखेरच्या पुरात आपण पाहिलं. पाणी चढत असतानाच आकडा कळला तर उपयोग. कोठ्यातल्या जनावराचंही तसंच आहे. आज आम्ही पशुसखी दोन गोष्टी सांगणार आहोत. जनावराच्या अंगात रोगाशी लढायची ताकद येते कशी, आणि रोग आलाच तर तो कोणता हे ठरवायचं कसं. दोन्हींत वेळेला मोल आहे, आणि ती वेळ बहुतेक घरी आपल्या बायकांच्याच हातात असते.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. आमच्यातल्या एकीकडे रात्री गाय व्याली. जार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, ही सासूबाईंची रीत, त्यांच्या सासूचीही तीच. जार सकाळी पडला. तोवर पहिला चीक काढून खरवसासाठी शेजारी वाटूनही झाला होता. वासरू चांगलं उभं राहिलं, पण आठवड्याने त्याला हगवण लागली आणि दहाव्या दिवशी ते गेलं. आम्ही म्हटलं, दृष्ट लागली. पुढे प्रशिक्षणात चिकाची गोष्ट ऐकली, तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो.

आपलं बाळ पोटात असतानाच वारेतून त्याला आईची थोडी रोगप्रतिकारशक्ती मिळते. गाई-म्हशीच्या जारेतून ती वासरापर्यंत जात नाही. म्हणून वासरू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हाताने. आईने आयुष्यात ज्या रोगांना तोंड दिलं, ज्या लसी घेतल्या, त्या रोगांशी लढणारे घटक तिच्या चिकात उतरलेले असतात. वासराच्या आतड्याला ते जसेच्या तसे रक्तात घेता येतात, पण फक्त पहिला दिवसभर. तासागणिक ते दार मिटत जातं आणि चोवीस तासांनी बंद होतं. त्यानंतर पाजलेला चीक पोट भरतो, पण ही राखण देत नाही.

म्हणून हिशेब साधा ठेवा. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे. वीस किलोचं वासरू असेल तर दोन लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. जार पडायची वाट पाहू नका. उलट वासरू ओढायला लागलं की गाईचं गर्भाशय आकसतं आणि जार सुटायला मदतच होते. आई दगावली किंवा तिला पान्हाच नसेल, तर त्याच सुमाराला व्यालेल्या दुसऱ्या गाईचा चीक चालतो. तो कोमट करा, उकळू नका. उकळला की लढणारे घटक नासतात. खरवसाला आमची ना नाही. वासराचं पोट भरून उरेल त्याचा खुशाल करा.

चिकातून मिळालेली ही शिदोरी काही महिन्यांत संपते. पुढची ताकद लसीने येते. लस म्हणजे रोगाची ओळख आधीच करून देणं, म्हणजे खरा रोग आला की शरीर गोंधळत नाही. गंमत अशी, की माणसांची पहिली लस गाईमुळेच मिळाली. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने गाईंच्या सौम्य देवीचा उपयोग करून माणसाला देवीपासून वाचवता येतं, हे दाखवलं. २०२२ मध्ये आपल्या राज्यात लम्पी पसरला, तेव्हा गाईंच्या मदतीला शेळ्यांच्या देवीची लस आली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून एकाची ओळख दुसऱ्यासाठी कामी आली.

पण लस टोचली आणि त्याच संध्याकाळी जनावर सुरक्षित झालं, असं होत नाही. ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. घटसर्प आणि फऱ्याची लस रोवणीच्या आधी, मे-जूनमध्ये घ्यायची ती यासाठीच. लसीनंतर एखादा दिवस अंग गरम होतं, दूध थोडं कमी येतं. एवढ्यासाठी जनावर लपवून ठेवू नका. जनावर तापलेलं किंवा फारच खंगलेलं असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा, कारण अशक्त शरीर लसीला नीट दाद देत नाही. जंताचं औषध लसीच्या आठवडा-दोन आठवडे आधी दिलेलं बरं.

आता रोग ओळखण्याकडे वळू. एकच खूण घेऊ, गळ्याखालची सूज. आपल्याकडे म्हशीच्या गळ्याला सूज दिसली की कोणी डाग द्या म्हणतं, कोणी मागच्या वर्षीची उरलेली औषधाची बाटली काढतं. पण ही सूज दोन अगदी वेगळ्या रोगांत येते.

घटसर्पाची सूज गरम असते आणि हात लावला की दुखते. ताप १०४ ते १०६ अंशांपर्यंत चढतो, जनावर घुरघुरतं, लाळ गाळतं, आणि एका दिवसातही दगावू शकतं. इथे तास मोजायचे असतात, त्यामुळे डॉक्टरांना लगेच बोलवा.

दुसरी सूज जबड्याखाली पिशवीसारखी लोंबते. ती थंड आणि मऊ असते, बोटाने दाबली की खळगा राहतो. ताप नसतो. जनावर महिना-दोन महिने खंगत आलेलं असतं, अधूनमधून पातळ हगतं. हे बहुधा यकृतातल्या चपट्या कृमींचं काम. आपला धानाचा मुलूख, बोड्या आणि तळ्यांचा. पाण्यातल्या गोगलगाईंमधून हे कृमी काठच्या गवतावर येतात आणि चरताना पोटात जातात. इथे सुई टोचून भागत नाही. डबीभर ताजं शेण दवाखान्यात न्या. सूक्ष्मदर्शकाखाली कृमींची अंडी दिसली की नेमकं औषध देता येतं.

या दोहोंत पहिला फरक कोण सांगतं? शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर. गाईचं साधारण तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट, म्हशीचं किंचित कमी. शेपटी उचलून थर्मामीटर गुदद्वारात कडेला टेकवून धरा, आवाज झाला की आकडा वाचा. मागे दोरा बांधून ठेवा, आणि तो घरातल्या माणसांसाठी वापरू नका. १०३ च्या वर गेला म्हणजे आपल्या कोठ्यातली धोक्याची खूण ओलांडली.

ताप आणि अंगावर गोचीड असेल, तर औषध टोचण्याआधी रक्ताचा नमुना घ्यायला सांगा. गोचीड तापाचे जंतू रक्ताच्या थेंबात, काचपट्टीवर दिसतात. औषध आधी दिलं की खूण पुसट होते आणि मग अंदाजावर उपचार चालतात. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर ते फाडू नका, सोलू नका. तो फाशी रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. गाभण गाय गाभडली तरी पडलेल्या जारेला उघडा हात लावू नका.

पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक कोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. त्याखाली तीन तारखा लिहा: शेवटची लस, शेवटचं जंताचं औषध आणि गाय विण्याची अंदाजे तारीख. डॉक्टर आले की पहिले प्रश्न हेच असतात, आणि त्या वेळी घरात बहुतेकदा आपणच असतो.

आमच्या त्या मैत्रिणीची गाय यंदा पुन्हा व्याली. कालवड झाली. अर्ध्या तासात ती आचळाला लागली, आणि जार अजून पडायचा होता. सासूबाई कंदील धरून शेजारीच उभ्या होत्या.