उकिरड्यावर टाकलेला मका



परतीचा पाऊस सरला की आपल्या अंगणात बाजा आणि जुन्या साड्या पसरायला लागतात. वाळवण म्हटलं की कुरडया-पापडांचा उन्हाळा आठवतो, पण आपल्या नांदेड-लातूरकडचं वाळवण त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. परसात गवार असते, अंबाडी असते, कारली लटकलेली असतात. पुढं हरभऱ्याचा पाला खुडायला येतो. खाऊन संपत नाही इतकं असतं आणि एप्रिलात बघावं तर काहीच नसतं. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी परसातल्या वाफ्यांना कोण पाणी घालणार? ज्यांच्या डब्यात हरभऱ्याची वाळलेली भाजी आणि गवारीच्या वाळलेल्या शेंगा होत्या, त्यांना तेवढाच आधार.

पण आज आम्हाला भाज्यांपेक्षा दाण्यांबद्दल जास्त बोलायचं आहे. मका, भुईमूग, ज्वारी. कारण गेल्या वर्षी आमच्यातल्याच एका मैत्रिणीच्या घरी जे झालं, ते अजून आमच्या मनातून गेलेलं नाही.

ती कंधार तालुक्यातली. कोंबड्यांसाठी म्हणून तिनं परसात मका लावला होता. कणसं काढून पडवीत ढीग घातला आणि त्यावर दोन रात्री पाऊस झाला. ढिगाच्या आतली कणसं हिरवट-काळी पडली. सासूबाई म्हणाल्या, "अन्न हाय बाई, फेकू नको. आपल्याला नको तर कोंबड्यांला टाक." कोणत्याही घरात हेच म्हटलं असतं, आम्हीही हेच म्हणत आलो आहोत. आठ-दहा दिवसांत पिल्लं पंख पाडून बसायला लागली. आधी सगळ्यांना मानमोडी वाटली, पण लस तर दिलेली होती. तेवीस पिल्लांतली चौदा गेली. पशुवैद्यकांनी एक पिल्लू उघडून पाहिलं, तिला सुजलेलं, पिवळट काळीज दाखवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दाणे कुठले घालता?"

ओलसर मका-भुईमुगावर वाढणाऱ्या काही बुरशा एक विष तयार करतात. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते लक्षात आलं 1960 साली, इंग्लंडमध्ये. तिथं एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या कशानं मेल्या ते कळेना. शोधता शोधता माग लागला तो ब्राझीलमधून खाद्यासाठी आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत.

हे फक्त कोंबड्यांपुरतं नाही. 1974 च्या हिवाळ्यात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत गावोगावी काविळीनं माणसं आजारी पडली, पोटात पाणी झालं. शंभराहून जास्त माणसं गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा कारण निघालं अवेळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका. गरिबाघरी खायला तोच होता. आणि घरातली भाकर खाणारी कुत्रीही त्याच आजारानं मेली होती. दारातलं कुत्रं आणि आपली लेकरं एकाच टोपल्यातलं खातात, हे आपण विसरतो.

आता आपली नेहमीची समजूत: धुतलं, ऊन दाखवलं, भाजलं की झालं. नाही होत. धुऊन पुसून बुरशीचा रंग जातो. विष दाण्यात मुरलेलं असतं आणि ते भाजून किंवा शिजवून पुरतं मरत नाही. म्हशीला किंवा शेळीला बुरशीची पेंड घातली, तर त्यातला काही भाग दुधात उतरतो आणि ते दूध उकळलं तरी तो राहतो. म्हणजे आपण जनावराला टाकलेलं फिरून लेकराच्या पेल्यात येतं.

मग करायचं काय? बुरशी धरायच्या आधी वाळवायचं, एवढाच खरा उपाय. भुईमुगाची शेंग कानाशी हलवली की दाणे खुळखुळले पाहिजेत. ज्वारीचा दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे. भाजीचा पाला मुठीत चुरला पाहिजे. नुसता वळत असेल तर अजून दोन उन्हं द्या. मका-ज्वारीसाठी मिठाची एक युक्ती आहे. काचेची कोरडी बाटली घ्या, त्यात चमचाभर चांगलं वाळवलेलं मीठ आणि बाटलीचा तिसरा हिस्सा दाणे घाला, झाकण लावून हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला आहे, कोठीत भरू नका. संध्याकाळी वाळवण आत घ्यायचं, कारण दवानं दिवसभराचं ऊन वाया जातं. आणि गरम दाणे लगेच डब्यात कोंबायचे नाहीत, आत घाम धरतो.

कडुलिंबाच्या पाल्याबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. पाला घाला, पण तो किड्यांसाठी आहे, बुरशीसाठी नाही. आणि झाडावरून तोडून हिरवाच घातला तर आपण आपल्या हातानं कोठीत ओल नेतो. सावलीत वाळवूनच घाला. पोती भिंतीला टेकवून किंवा नुसत्या जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळ्या घाला. मांजर पाळलेली बरी, उंदरानं कुरतडलेल्या दाण्याला बुरशी लवकर धरते. अर्थात मांजर वाळवणावर झोपते, तिला हाकलायला लेकरू बसवावंच लागतं.

एवढं करूनही बुरशी आलीच, तर? उकिरड्यावर टाकलं म्हणजे टाकून दिलं असं आपण समजतो. पण दिवसभर कोंबड्या उकरतात कुठं? उकिरड्यावरच! म्हणून तोंडाला पदर बांधून ते दाणे गोळा करायचे आणि हातभर खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबायची. अर्धं पोतं गेलं तर जीव हळहळतो, हे आम्हाला माहीत आहे. त्या मैत्रिणीनं चौदा पिल्लांचा हिशोब घातला, तेव्हा तो मक्याच्या कितीतरी पट निघाला.

यंदा तिनं मका पुन्हा लावला. कणसं सोलून, वरची पानं तशीच ठेवून, त्यांच्या जुड्या बांधल्या आणि चुलीच्या वर आढ्याला टांगल्या. गाठी मारायला सासूबाईच शिडीवर चढल्या होत्या.