भ्रमणध्वनीवरील निरोप आणि गावचे दप्तर

पूर्वी गावात सरकारी सूचना द्यावयाची म्हणजे दवंडी पिटविली जाई. दवंडी ऐकून लोक आपापल्या कामास लागत; परंतु दवंडी दिल्याचा अहवाल, तारीख व पंचांच्या सह्यांनिशी, दप्तरी ठेवण्याचा प्रघात होता. आवाज विरून जाई, अहवाल मागे राही. आज अनेक गावांत दवंडीची जागा व्हॉट्सॲपच्या गटाने घेतली आहे. निरोप क्षणात घरोघर पोहोचतो, ही सोय मोठीच आहे. परंतु ह्या नव्या दवंडीचा अहवाल पुष्कळदा कोणीच ठेवीत नाही.

ह्यात शेतकऱ्याचे नुकसान कसे होते ते पाहावे. समजा, गारपिटीने कांदा झोडपला गेला. पाहणीची तारीख गटावर कळविण्यात आली. एका शेतकऱ्याचे नाव यादीतून राहिले, म्हणून त्याने हरकतही गटावरच लिहिली. सहा महिन्यांनी तो दाद मागावयास गेला, तेव्हा संबंधित कर्मचारी बदलून गेलेले, त्यांचा भ्रमणध्वनी त्यांच्याबरोबर गेलेला, आणि आवक नोंदवहीत हरकतीचा क्रमांक नाही. शेतकरी खरे बोलत असूनही त्याच्या हाती पुरावा उरला नाही.

जिल्ह्याचा वारसा

अहिल्यानगर जिल्ह्यास, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरास, दप्तराचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी येथील जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखीना ह्यांनी कचेरीतील धूळ खात पडलेले कागद निवडून घेतले, ठेवावयाचे कागद वर्गवार लावले, निरुपयोगी कागद नियमानुसार काढून टाकले आणि लोकांची कामे एका खिडकीवर आणली. हा प्रयोग पुढे ‘लखीना पॅटर्न’ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. कागद जागेवर सापडला की माणसाचा हेलपाटा वाचतो, हे त्याचे मर्म होय.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावाने हीच गोष्ट पाण्याच्या बाबतीत दाखविली. श्री. पोपटराव पवार ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे पाऊस व विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जाऊ लागला आणि त्यावरून पिके ठरू लागली. वर्षानुवर्षांच्या नोंदी नसत्या, तर हा ताळेबंद उभा राहिला नसता. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे श्री. अण्णा हजारे ह्यांच्या आंदोलनाचा राज्याच्या २००२ च्या माहिती अधिकार कायद्यामागे मोठा वाटा होता. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा अमलात आला.

कायद्याचा अर्थ

ह्या केंद्रीय कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावयाचे आहेत आणि महत्त्वाची माहिती कोणी न मागताही सूचना फलक, वर्तमानपत्रे, इंटरनेट इत्यादी मार्गांनी लोकांपुढे ठेवावयाची आहे. ‘अभिलेख’ ह्या शब्दात संगणकाने वा अन्य उपकरणाने तयार झालेली सामग्रीही येते. तेव्हा कार्यालयीन कामाचा निरोप हा खासगी गप्पांचा भाग नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानेही २०१३ मध्ये सरकारी कार्यालयांच्या समाजमाध्यमांवरील मजकुराचे जतन कसे करावे ह्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. प्रश्न सर्वत्र एकच आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे

१. सूचना आधी नोंदवहीत, मग गटावर, हा क्रम पाळावा. निरोपावर जावक क्रमांक व तारीख घालावी आणि त्याची छापील प्रत संबंधित नस्तीत लावावी.

२. गट ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या क्रमांकावरून चालवावा. बदलीच्या वेळी हा क्रमांक व गटाचा ताबा प्रभार यादीत लिहून द्यावा. निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद ठेवावी.

३. गटावर आलेली तक्रार आवक नोंदवहीत घेऊन तिचा क्रमांक तक्रारदारास कळवावा.

४. महिन्याच्या अखेरीस गटावरील कार्यालयीन मजकूर उतरवून संगणकावर व दुसऱ्या एका ठिकाणी जतन करावा. कोणता कागद किती वर्षे ठेवावयाचा हे अभिलेखाच्या वर्गावरून ठरते. ‘अ’ वर्ग कायमचा, तर ‘ड’ वर्ग एक वर्षाचा.

५. आधार क्रमांक, बँकेचे खाते अशी माहिती गटावर कधीही टाकू नये.

६. गावात प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी नसतो. म्हणून तीच सूचना फलकावर अवश्य लावावी.

शेतकऱ्याने काय करावे

हरकत किंवा मागणी गटावर लिहिली, तरी ती कागदावर लिहून कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पिकाच्या नुकसानीचे छायाचित्र गटावर टाकल्यास त्यातील वेळ व ठिकाणाची मूळ नोंद बहुधा निघून जाते. म्हणून मूळ छायाचित्र आपल्या भ्रमणध्वनीत राखावे. नोंद पाहावयाची असल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयास बंधनकारक आहे.

चांगला शेतकरी पेरणी झाल्यावर बियाण्याची रिकामी पिशवी व पावती पीक हाती येईपर्यंत टाकून देत नाही. उगवण फसली तर तोच त्याचा आधार असतो. निरोपाचेही तसेच आहे. तो वेगाने जावा हे इष्टच; पण त्याची नोंद दप्तरी राहिली, तरच अडचणीच्या दिवशी तो शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल.