कलम घेताना खुंट विचारा

रोपवाटिकेत गेल्यावर आपण जात विचारतो, रोपाचं वय विचारतो, भाव करतो. खुंट कोणता, हे मात्र फार थोडे बागायतदार विचारतात. कलमात मुळं आणि बुंध्याचा तळ एका झाडाचा असतो, वरचा पसारा दुसऱ्याचा. हा पसारा किती जोमानं वाढणार, हे बऱ्याच अंशी खालचा खुंट ठरवतो.

‘कलम आहे, म्हणजे झाड बुटकंच राहणार’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज. कलमामुळे जात शुद्ध राहते आणि फळ लवकर लागतं, एवढं खरं. पण कोकणात हापूस बांधतात तो रायवळच्या कोयीवर, आणि ती झाडं दहा मीटरवर लावली तरी कालांतरानं एकमेकांत शिरतात. द्राक्षात डॉगरिज खुंट वापरतात तो क्षार आणि पाण्याची टंचाई सोसण्यासाठी, आणि तो स्वतः चांगलाच जोमदार आहे.

वाढ खात्रीनं रोखणारे खुंट पाहायचे तर सफरचंदाकडे वळावं लागतं. इंग्लंडच्या केंट परगण्यात 1913 साली ईस्ट मॉलिंगचं संशोधन केंद्र सुरू झालं. तेव्हा युरोपातल्या रोपवाटिकांत एकाच नावाखाली भलतेसलते खुंट विकले जात. रोनाल्ड हॅटन यांनी ते गोळा करून निवडले, वेगळे केले आणि त्यांना क्रमांक दिले. एम-9 हा त्यांपैकीच. त्यावरचं झाड साधारण अडीच-तीन मीटरवर थांबतं. एमएम-106 मध्यम उंचीचा, तर एमएम-111 जोमदार पण कोरडेपणा सोसणारा. काश्मीर आणि हिमाचलातल्या घन लागवडीत आज एम-9 आणि त्याचे उपप्रकार दिसतात.

झाड लहान म्हणून फळ लहान, असं होत नाही. एम-9 वरची फळं बहुधा थोडी मोठीच भरतात, कारण अन्न लाकडाऐवजी फळाकडे जातं आणि ऊन आतपर्यंत पोचतं. एका झाडाचं उत्पन्न कमी असतं, पण तेवढ्याच जागेत झाडं कितीतरी जास्त बसतात.

छाटणीनं भागेल, असंही म्हणतात. जोमदार खुंटावरचं झाड जोरात छाटलं, की ते सरळसोट पानसोट फेकतं आणि फूल कमी धरतं. पॅक्लोब्युट्राझॉल या वाढरोधकानं हापूसची वाढ आवरते आणि मोहर येतो, पण मुळांचा स्वभाव तोच राहतो, मात्रा पुन्हा द्यावी लागते.

खरं नुकसान करतो तो ‘जितका बुटका, तितका चांगला’ हा समज. एम-9 चं मूळ आडवं कापून पाहा: साल जाड, लाकूड थोडं. ही मुळं ठिसूळ असतात, फळांनी लगडलेलं झाड वाऱ्यात कलंडतं. त्याला आयुष्यभर खांब किंवा तारेचा आधार आणि नियमित पाणी द्यावं लागतं. हलक्या, कोरड्या उतारावर मुळात कमी वाढणारी जात या खुंटावर बांधली, तर झाड खुरटतं. तिथे एमएम-111 बरा. पाणी साचणाऱ्या जमिनीत एमएम-106 ची बुंध्याशी कूज होते. जमीन, पाणी आणि जात पाहिल्याशिवाय खुंट निवडू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि लावताना जोड मातीत गाडू नका. कलमाचा जोड बुंध्यावर फुगवटा म्हणून ओळखू येतो. तो जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर वर हवा. पुढे शेणखत, माती चढत जाते, जोड झाकला जातो आणि वरची जात स्वतःची मुळं सोडते. मग खाली एम-9 असूनही उपयोग उरत नाही, झाड उंच जातं. दरवर्षी पावसाळ्यानंतर हातानं माती सरकवून जोड मोकळा करा.

आंब्यात एम-9 सारखा सर्वत्र चालणारा खुंट अजून नाही. हापूसवर वेल्लैकोलंबन या दाक्षिणात्य खुंटानं झाड लहान राहिल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. सर्वत्र चालणारा खुंट मिळेपर्यंत आंब्यात अंतर आणि लहानपणापासूनची छाटणी हेच मार्ग आहेत. म्हणून ‘बुटकं कलम’ विकत घेताना बिलावर जातीशेजारी खुंटाचं नाव लिहून घ्या. ते सांगता येत नसेल, तर ते कलम घेऊ नका.