मुक्या पट्ट्यांचं काम

इंदापूर तालुक्याच्या काठावरून उजनीचं पाणी ओलांडलं की करमाळा. २०१६चा ‘सैराट’ तिथे चित्रित झाला; त्यातला अजय-अतुल यांचा सिंफनी वाद्यवृंद मात्र लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खऱ्या वादकांनी वाजवला. बारामतीत घरातल्या खोलीत लघुपटाला संगीत देणाऱ्या पोराला ते कुठून परवडणार? त्याच्याकडे एक लॅपटॉप, एक कीबोर्ड आणि डिस्कवर साठवलेली व्हायोलिनं.

तीही खरीच असतात म्हणा. वादकाला बसवून एकेक सूर निरनिराळ्या तऱ्हेने वाजवून घेतलेला असतो. गज सलग ओढला तर लेगाटो, तोडून वाजवला तर स्टॅकाटो, बोटाने तार छेडली तर पिझिकाटो. घोळ पुढे होतो. पट्टी दाबली की १९८३पासून चालत आलेली ‘मिडी’ संगणकाला मुख्यतः दोनच गोष्टी सांगते: सूर कोणता आणि जोर किती. दोन्हींना ० ते १२७ आकडे. ‘कसा वाजवायचा’ याला त्यात जागाच नाही.

आपल्या पखवाजाला हा प्रश्न कधी पडला नाही. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, तेव्हा वाजणारा प्रत्येक बोल आपली तऱ्हा सोबत घेऊनच येतो. ‘ग’ म्हणजे डाव्या पुडीवर उघडा हात, ‘क’ म्हणजे तोच हात दाबून.

सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. व्हायोलिनची सगळ्यात खर्जाची तार १९६ हर्ट्झची. त्याखाली ते वाद्य उतरतच नाही. म्हणजे कीबोर्डच्या डाव्या टोकाच्या पट्ट्या मुक्या. त्यांनाच कामाला जुंपलं, नाव ठेवलं कीस्विच. पडद्यावर त्या बहुधा लाल दिसतात. डाव्या करंगळीने एक दाबली की पुढचे सूर छेडलेले, शेजारची दाबली की परत गजावर.

एकदा मी रचना मधूनच सुरू केली. गजाची कीस्विच आधीच्या ओळीत राहिली होती, आणि निरोपाच्या प्रसंगात अख्खा ताफा टणाटण तारा छेडत सुटला! क्यूबेस, लॉजिक या संगीताच्या सॉफ्टवेअरांत आता वादनाची तऱ्हा थेट सुरालाच चिकटवता येते. कुठूनही वाजवा, ती सोबत येते. सुराचा बोल झाला, तो असा.

लेगाटोचं दुखणं मात्र उरलंच. त्यात दोन सुरांमधला सांधाही रेकॉर्ड केलेला असतो, म्हणून पुढचा सूर क्षणभर उशिरा पोचतो. मग ती ओळ काही मिलिसेकंद आधी सरकवायची. स्टॅकाटोला तेवढं सरकवणं चालत नाही, म्हणून कित्येक जण आजही दोघांना वेगवेगळ्या ट्रॅकवरच ठेवतात.